वेगळी दावण

अश्विनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिला खाली पार्किंगमध्ये सासऱ्यांचा हात दुसऱ्या माणसाच्या हातात असलेला दिसला. म्हणजे हात दिसलेच नाहीत. दिसलं ते उपरणं. अण्णांचं लाल काठाचं उपरणं दोघांच्या मनगटांवर पसरलेलं होतं आणि त्याच्याखाली काहीतरी वळवळत होतं. दोघे एकमेकांकडे बघतही नव्हते. अण्णा समोरच्या बंद पिठाच्या गिरणीकडे बघत होते आणि तो दुसरा, गोरक्षनाथ, आपल्या पिकअपच्या टायरकडे. नवख्या माणसाला वाटावं, दोन म्हातारे सावली धरून उगीच उभे आहेत. पण अश्विनी या घरात आठ वर्षं सून होती. तिच्या हातातला पिळलेला परकर तसाच राहिला आणि पाणी पायावर ठिबकत राहिलं. दोन हजार एकवीसचा एप्रिल होता. नगरात बेड मिळवायला लोक ओळखीपाळखी काढत फिरत होते, सावेडीतल्या त्यांच्या गल्लीत रोज कुठल्यातरी दाराशी अँब्युलन्स थांबत होती, आणि तिचा सासरा पार्किंगमध्ये बैलाचा सौदा करत होता. सौदा जमला असावा, कारण गोरक्षनाथने मान डोलावली. अण्णांनी उपरणं झटकलं, त्यानेच कपाळ पुसलं, मिशा पुसल्या, मग तेच नाकातोंडावरून घेऊन मानेमागे दोन घट्ट गाठी मारल्या, आणि मास्क लावलेले जबाबदार नागरिक होऊन ते जिना चढायला लागले.

तिने पहिलं काम केलं ते आतल्या खोलीचं दार ओढून घेण्याचं. आत तिची आई होती, छबूबाई. छातीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन आता केमो चालू होती. डोक्यावरचे केस गेले होते, भुवया गेल्या होत्या आणि राहिलेलं सगळं अंग डोळ्यांत गोळा झालं होतं. पाथर्डीकडच्या गावात तिला बघायला कुणी नव्हतं, म्हणून लेकीने तिला जावयाच्या घरी आणलं. डॉक्टरांनी अश्विनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांच्या रक्तात लढायला सध्या कोणी नाही. लससुद्धा आत्ता नको. साधी सर्दी झालेला माणूसही यांच्याजवळ येऊ देऊ नका. आणि ते दुसरं झालं, तर माझ्या हातात काही राहणार नाही." हे शेवटचं वाक्य अश्विनीच्या डोक्यात घर करून बसलं होतं. भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवताना, दाराची कडी पुसताना, ऑफिसातून आल्यावर जिन्यातच चप्पल काढताना ते तिला ऐकू यायचं. तिला आणखी काही नको होतं. आईची केमो पुरी होईपर्यंत हे घर तेवढं या रोगापासून कोरडं राहायला हवं होतं, आणि त्या घरात पुढच्या खोलीत, दिवाणावर, सहादेव अण्णा राहत होते.

"अण्णा, हात," ती दारातच बाटली धरून उभी राहिली. अण्णांनी देवळात तीर्थ घ्यावं तसा उजव्या हाताचा खळगा पुढे केला आणि दोन थेंब घेऊन ते हातावर हात घासू लागले. "आणि ते उपरणं बादलीत टाका." "कामून?" "त्याच्याखाली त्यांचा हात होता." "कुनाचा? गोरख्याचा?" अण्णांना खरोखरच नवल वाटलं होतं, हे तिला जास्त लागलं. "आगं, गोरख्या हाय त्यो. तीस वरीस बाजार केलाय आमी संगं. त्यो काय परका हाय व्हय?"

परका. हे ऐकलं की अश्विनीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. वर्षभर ती हेच समजावत आली होती आणि पालथ्या घड्यावर पाणी पडत आलं होतं. अण्णांच्या मते हा रोग परक्या माणसांकडून यायचा. बसमधला अनोळखी माणूस, रस्त्यावरचा पाणीपुरीवाला, मुंबईहून आलेला कुणाचा तरी मेव्हणा, असले लोक धोक्याचे. त्यांच्यापासून अण्णा सहा हात लांब राहायचे, उपरण्याच्या गाठी आवळायचे. पण ज्याचा बाप माहीत आहे, ज्याची जमीन कुठल्या ओढ्याला लागून आहे ते माहीत आहे, ज्याच्या पोरीच्या लग्नात आपण अक्षता टाकल्या आहेत, त्याच्या श्वासातून काही येईल हे त्यांना पटतच नव्हतं. पटवून घेणं म्हणजे त्या माणसाचा अपमान करणं. आणि अण्णांना साऱ्या काष्टीत, साऱ्या श्रीगोंदा तालुक्यात, पार नेवाश्यापर्यंत ओळखीचेच लोक होते. अनोळखी माणूस त्यांना वर्षातून एखादा भेटत असेल.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गेली होती. ज्ञानेश्वर, तिचा नवरा, अण्णांचा ग्यानबा, म्हणाला होता, चल, अण्णांचं राज्य दाखवतो. धुळीत शेकडो बैल उभे होते, शिंगांना हिंगूळ लावलेले, पाठीवर गुलाल टाकलेले, आणि त्यांच्यामधून अण्णा पांढऱ्या धोतरात असे चालले होते की बैलांनीच बाजूला व्हावं. ते बैलांचे व्यापारी होते. गावात त्यांना हेडी म्हणत. तेव्हा तिने उपरण्याखालचे हात पहिल्यांदा पाहिले. भाव तोंडाने बोलायचा नाही, बोटांनी बोलायचा. समोरच्याची किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावर आकडा. भोवती पन्नास माणसं कान टवकारून उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. आणि एकदा हात दाबून झाला की सौदा मोडायचा नाही, मग वर आभाळ कोसळो. नव्या सुनेला ते सगळं इतकं आवडलं होतं, की रात्री घरी तिने गंमत म्हणून पदराखाली नवऱ्याची बोटं दाबली होती. आता तिला त्या बाजाराची आठवण आली की आठवायची ती फक्त बोटं. किती माणसांची बोटं त्या एका उपरण्याखाली जाऊन आली असतील, आणि मग तेच उपरणं तोंडाला. असली चूक करायला माणूस हेडीच असावा लागतो. दुसऱ्या कुणाला सुचणारसुद्धा नाही.

बरं, माणूस बेफिकीर म्हणावा तर तसाही नाही, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. अण्णांइतका सावध माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. बैलाचे दात ते तीनदा बघायचे, एकदा उन्हात, एकदा सावलीत, एकदा मालक बाजूला गेल्यावर. पाठीवरचा भोवरा, खुरातली फट, डोळ्यातलं पाणी, शेपटी ओढल्यावर जनावर किती अंग चोरतं, काही म्हणून सोडायचे नाहीत. आणि लाळ्या-खुरकुताची साथ आली की मग तर विचारू नका. एका वर्षी शेजारच्या गावात ती साथ होती. अण्णांनी नवी घेतलेली खिलार जोडी महिनाभर मळ्याच्या पार टोकाला बांधली. वेगळी दावण, वेगळी पाटी, वेगळी बादली. त्या जोडीला पाणी पाजणारा गडी मूळ गोठ्यात फिरकायचा नाही. स्वतः अण्णा तिकडून आले की पाय धुऊन, धोतर बदलून मगच आत यायचे. लस टोचायला डॉक्टर आला की एकेका जनावराचं शिंग स्वतः धरून उभे राहायचे. हे सगळं अश्विनीने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मागच्या वर्षी, टाळेबंदी लागली आणि बाजार बंद झाला, सासूबाई आधीच गेलेल्या, आणि ज्ञानेश्वर अण्णांना नगरला घेऊन आला, तेव्हा तिला वाटलं होतं, चला, या माणसाला समजावणं सोपं जाईल. याला सगळं आधीच कळतं. तिने त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, "अण्णा, तुमचं लाळ्या-खुरकुताचंच आहे हे. नवं जनावर आलं की वेगळं बांधायचं. एवढंच."

अण्णांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मानूस काय जनावर हाय का, वेगळं बांधायला?"

ज्ञानेश्वरने दोघांकडे बघून मान डोलावली. तो सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता आणि घरात त्याचं एकच काम होतं, दोन्ही बाजूंना मान डोलावणं. "तुझं बरोबर आहे," तो तिला स्वयंपाकघरात म्हणायचा. "पण अण्णांना कोण सांगणार?" आणि बाहेर जाऊन अण्णांना म्हणायचा, "तिचं मनावर घेऊ नका, तिला आईची काळजी आहे." मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भांडण मिटवायला तिसरं कोणी मध्ये यायचंही नाही. तो स्वतः कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सहा जणांबरोबर एका टेबलावर डबा खायचा, हे अश्विनीला माहीत होतं. त्याबद्दल तिने त्याला कधी एक शब्द विचारला नव्हता. कधी कधी पोळ्या लाटता लाटता हे तिच्या लक्षात यायचं आणि ती ते झटकून टाकायची, कारण नवऱ्याला घरी बसवून हप्ते कोण भरणार होतं? अण्णा मात्र समोर, दिवाणावर, चोवीस तास दिसायचे. दिसतं त्याच्याशीच माणूस भांडतो.

ऑफिसातही तेच. ती वाहनांचा विमा काढायच्या ऑफिसात होती, चितळे रोडच्या एका माडीवर. काउंटरवर प्लास्टिकचा पडदा लावला होता आणि कागद द्यायला-घ्यायला खाली एक खिडकी कापली होती. आलेला प्रत्येक माणूस त्या खिडकीत डोकं घालायचा, मास्क खाली ओढायचा आणि म्हणायचा, "मॅडम, जरा ऐकू येत न्हाई." हेल्मेट कोपराला, मास्क हनुवटीला. जणू कोपर फुटतं आणि हनुवटीला कोरोना होतो. "विमा कशाला काढता?" असं तिने एकदा गंमतीने एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "पोलीस धरत्यात ना." मास्कही पोलीस धरतात म्हणून, हेल्मेटही पोलीस धरतात म्हणून. ज्या दिवशी चौकात पोलीस नसेल त्या दिवशी मरणही नसतं, असा या जिल्ह्याचा ठाम विश्वास. लग्नाच्या आधीपासून, दहा वर्षं ती इथे हेच बघत आली होती. माणसं धोका मोजत नाहीत, माणसं बघणारा मोजतात. आणि तरी संध्याकाळी स्कूटरवरून पुणे रोडच्या ट्रकांमधून वाट काढताना, हेल्मेटमध्ये मोबाईल खुपसून आईशी बोलताना, तिला स्वतःबद्दल काही वाटायचं नाही. तेव्हा तिला घाई असायची. घाईत असलेल्या माणसाला काही होत नसतं.

आणि आई. आईने तर कळसच केला होता. जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, तीच दिवसभर दार उघडायला बघायची. "बाई, येकटी भिंती बघून बघून मला याड लागंल," ती म्हणायची. अश्विनी ऑफिसला गेली की पुढच्या खोलीतून अण्णांचा रेडिओ ऐकू यायचा, अण्णांचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं, कुणाचा बैल कुणी फसवून गळ्यात मारला ते ऐकू यायचं, आणि छबूबाईला त्यात बोलायचं असायचं. तिच्या माहेरीही बैल होते. ऊसतोडीला कारखान्यावर जाताना गाडीला जुंपलेल्या बैलांच्या पुढे चालण्यात तिची अर्धी हयात गेली होती. तिला बैलांतलं कळत होतं. "इवाई मानूस चांगला हाय," ती लेकीला सांगायची. "त्याला कामून टोचून टोचून बोलती? मरायचं तर मरायचंच हाय." "आई, मरायचं बोलू नकोस." "मंग काय बोलू? तूच सांग, दिसभर काय बोलू, कुनासंगं बोलू?" अश्विनीचं डोकं अशा वेळी खरंच फिरायचं. एक माणूस स्वतःला काही होणार नाही म्हणून ऐकत नव्हता, दुसरं माणूस जे व्हायचं ते होणारच म्हणून ऐकत नव्हतं, तिसरा दोघांचंही बरोबर आहे म्हणत होता, आणि बाटली घेऊन दारात उभी राहायला उरली होती ती एकटी. घरातली वाईट बाईही तीच. लस तर अण्णांना साठीच्या वरच्यांना सुरू झाली त्याच आठवड्यात मिळाली असती. ती स्वतः नेऊन आणणार होती. "टोचलं की म्हैस चार दिस दूध चोरती," अण्णा म्हणाले. "आता नगं. उनं सरू दे." गोठ्यातली एक म्हैस त्यांनी कधी टोचल्याशिवाय ठेवली नव्हती.

उपरण्याच्या त्या दिवशी मात्र ती भांडली नाही. भांडायची ताकदच संपली होती. संध्याकाळी आईला पेज देऊन ती गॅलरीत आली तेव्हा अण्णा खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. धुतलेलं उपरणं दोरीवर होतं. बादलीत टाकलं होतं त्यांनी, तेवढं ऐकलं होतं. तिला एकदम सुचलं. अडला हरी म्हणतात, त्यातलीच गत होती, पण सुचलं खरं. "अण्णा," ती म्हणाली, "मला तुमच्याशी सौदा करायचाय."

अण्णांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं. वर्षभरात घरातलं कुणी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं नव्हतं. "बोल की. काय इकायचं हाय?" "विकायचं काही नाही. गोरक्षनाथ येणार, तुम्ही खाली जाणार, मी थांबवू शकत नाही, कळलं मला. पण ताप आला, घसा धरला, चव गेली, नुसतं अंग मोडून आलं, तरी मला सांगायचं. सगळ्यात आधी मला. खोड लपवायची नाही." ती 'खोड' म्हणाली आणि अण्णांचा अडकित्ता थांबला. जनावरातल्या दोषाला बाजारात खोड म्हणतात, आणि खोड सांगून विकणारा हेडी अजून जन्माला यायचा होता. शोधणं हे घेणाऱ्याचं काम. गावोगाव हेच चाललं होतं, तिला ठाऊक होतं. ताप आलेलं माणूस घरात झाकायचं, क्रोसिन द्यायची आणि कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हणायचं. कळलं तर दाराला पत्रे लागतात, डेअरीवर दूध घेत नाहीत, पोराचं जमलेलं लग्न थांबतं. तापाला कुणी भीत नव्हतं, ताप कळण्याला भीत होते. "खोड सांगितल्याव गिऱ्हाईक निगून जातं," अण्णा सावकाश म्हणाले. "मी गिऱ्हाईक नाही, अण्णा. मी जाऊन जाऊन कुठे जाणार?"

ते यावर हसले नाहीत. सुपारीचं खांड त्यांनी तोंडात टाकलं. मग म्हणाले, "आन मला काय?" "तुम्हाला काय हवं?" "विहीनबाईंशी बोलू दी. रोजच्याला घटकाभर. दाराभायेरनं. त्या आत, मी भायेर. तोंड बांदून बसतो." अश्विनीच्या मनात 'नाही' असंच आलं होतं. पण आईचं 'कुनासंगं बोलू' तिच्या कानात होतं. बंद दारातून आवाजच जाईल, दुसरं काय जाणार, असं तिने स्वतःला दोनदा विचारलं. मग म्हणाली, "दार बंद पाहिजे." "बंद. दे हात." अण्णांनी दोरीवरचं उपरणं काढलं आणि स्वतःच्या मनगटावर पसरलं. "असंच ठरलं म्हणा ना, अण्णा." "हात दिल्याबिगर सौदा हुत न्हाई."

ती आत गेली, आईच्या ड्रेसिंगसाठी आणलेल्या निळ्या रबरी हातमोज्यांतला एक काढला, घातला, आणि बाहेर येऊन हात उपरण्याखाली सारला. अण्णांची बोटं तिच्या बोटांवर आली, जाड, राठ, आणि थांबली. त्यांनी रबर चाचपून पाहिलं. वर्षभरात तिने आईखेरीज कुणाच्या हाताला हात लावला नव्हता, हे तिला त्या क्षणी जाणवलं, आणि ज्ञानेश्वरच्याही नाही, हेही जाणवलं, पण हात तिने मोज्यातच ठेवला. "ह्या रबरातनं काय कळंना गं," अण्णा म्हणाले. "तुजा हात गार हाय का गरम, त्ये बी कळंना." तरी त्यांनी तिची पाची बोटं एकदा जोरात दाबली. "ठरलं." तिने मोजा काढून झाकणाच्या डब्यात टाकला आणि त्यांच्यादेखत कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळलं. अण्णा तेवढा वेळ गिरणीकडे बघत बसले.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. अगदी खरं सांगायचं तर त्या वर्षातले तेवढेच बरे गेले. आई जेवायला लागली. दारापलीकडून अण्णा तिला कुठल्या बैलाने कुणाला कुठे लोळवलं ते सांगायचे आणि आई आतून त्यांना खोटं पाडायची. अश्विनी घरी आली की आई सांगायची, "आज म्या त्यांना हरवलं." अश्विनीला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून धास्तीही वाटायची. आपण कुठेतरी ढिलाई केली आहे, असा एक काटा आत असायचा. ऑफिसात बसल्या बसल्या तिला ते दार दिसायचं. दार बंद आहे, आई आत आहे, अण्णा बाहेर आहेत. मग तिला दार उघडं दिसायचं. खिडकीत डोकं घालून बोलणाऱ्या माणसाला ती म्हणायची, "मास्क वर घ्या," आणि डोळ्यांपुढे ते दारच असायचं.

फोन आला तेव्हा ती एका जीपचे कागद तपासत होती. अण्णा तिला कधी फोन करत नसत. "अश्विनी," ते म्हणाले, "ताप हाय. सकाळपास्नं. तू गेलीस आन भरून आलं. सगळ्यात आधी तुलाच सांगतोय, ग्यानबालाबी न्हाई सांगितलं."

ती म्हणाली, "आईशी बोलताना दार उघडं होतं का?"

पलीकडून कुणाचा तरी हॉर्न ऐकू आला, म्हणजे ते घराबाहेर होते. अश्विनीच्या तोंडून निघालं ते निघून गेलं होतं. ते मागे घेता येत नव्हतं, आणि खरं तर मागे घ्यायचंही नव्हतं, उत्तर हवं होतं. हातातले कागद तिने इतके घट्ट धरले होते की समोरचा जीपवाला म्हणाला, "मॅडम, फाटतील."

"बंद हुतं," अण्णा म्हणाले. "परवा त्यांनी उगडलं हुतं. म्हनल्या, बैल सांगताय त्यो हातानी दावा की कसा हुता. मी म्हनलं, लावा आदी. लावलं त्यांनी. मी मागं सरलो हुतो." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आदी त्येच इचारायचं असतं. गोठ्यात येक जनावर बसलं की मीबी त्येच इचारतो. दुसऱ्यांस्नी लागलं का. तुजं बराबर हाय." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला चाललं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. "तुम्ही कुठे आहात?" "खाली. पार्किंगात. दार ओढून घेतलंय. विहीनबाईंना काय सांगितलं न्हाई, निजल्यात."

तिने जिना उतरता उतरता सुप्याला ज्ञानेश्वरला फोन लावला, तो लागला नाही. अँब्युलन्सचा नंबर लावला, तो सारखा बिझी. 'वाट बघा, तुमचा कॉल आमच्यासाठी...' तिसऱ्यांदा एक बाई बोलली, पत्ता घेतला, पाठवतो म्हणाली, कधी ते सांगितलं नाही. स्कूटर तिने कशी चालवली ते तिला नंतर आठवलं नाही. रस्ताभर एकच चालू होतं: तुम्हाला कसं वाटतंय, हे मी विचारलं नाही. अण्णा, तुम्हाला कसं वाटतंय? चार शब्द होते फार तर. आणि त्याच वेळी, त्याच्या खालीच, दुसरं: परवा दार उघडलं होतं. किती उघडलं होतं? फटीएवढं, की पुरतं? आईला आज सकाळी नेहमीसारखी भूक होती का? अशी दोन मनं एका माणसात असावीत याचा तिला संताप आला, आणि त्यातलं एकही गप्प बसेना.

अण्णा वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, कुंपणाला लागून, सगळ्या गाड्यांच्या पलीकडे जाऊन बसले होते. भर एप्रिलच्या उन्हात अंगावर घोंगडी होती. शेजारी तांब्याभर पाणी. तिने बाजारातून आणून दिलेला खरा मास्क त्यांनी लावला होता, जो वर्षभर खिळ्याला लटकत होता. ती पुढे आली तसा त्यांनी हात उभा केला. "तितंच." ती तिथेच थांबली, अँब्युलन्सला फोन केलाय म्हणाली. मधे दोन मोटारसायकली होत्या. विचारायचं ते इतकं जवळ आलं होतं, आणि तिने तोंड उघडलं तर निघालं ते दुसरंच.

"लस घ्या म्हणून किती मागे लागले होते मी?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

"गोरक्षनाथला इकडे बोलावू नका म्हणाले होते. एकदा नाही, रोज म्हणाले होते."

"व्हय. चुकलं."

"ओळखीचा माणूस आहे म्हणून त्याचा श्वास काय गाळून येतो का? एवढं जनावरांचं कळतं तुम्हाला, एवढा बाजार चालवलात, आणि घरात एक बाई मरायला टेकलेली आहे हे दिसत नव्हतं?" तिचा आवाज चढला होता. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली.

"व्हय. तुजं खरं हाय."

वर्षभर तिने या एका 'व्हय'साठी जिवाचं रान केलं होतं. स्वयंपाकघरात, अंघोळ करताना, रात्री उशीत तोंड खुपसून ती अण्णांशी वाद घालत आली होती आणि त्या सगळ्या वादांत शेवटी ते असंच म्हणायचे. आता ते मागितल्याबरोबर मिळत होतं, एकावर एक, आणि प्रत्येक वेळी तिला ते परत द्यावंसं वाटत होतं. हा माणूस असा नव्हता. यांचा आवाज असा नव्हता. एकदा तरी त्यांनी उलट बोलावं, तुला काय कळतंय म्हणावं, खुर्ची सरकवावी, म्हणून ती टोचत राहिली. चहाच्या कपापासून जिन्यातल्या चपलांपर्यंत सगळं काढलं. ते मान हलवत राहिले. "भांडा ना, अण्णा," शेवटी ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "भांडा माझ्याशी."

अण्णांनी घोंगडी गळ्याशी धरली आणि गेटकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "गाडी कदी येती?"